एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला लागताय? ‘रिस्पेक्टिव्हली’ पक्कं करून घ्या

सोलापुरात बी.कॉम. झालं की बरीच मुलंमुली अक्कलकोट रोड नाहीतर चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डॉक्युमेंटेशनला लागतात. माझ्या हाताखाली येणाऱ्यांना मी आधी एक शब्द शिकवते: रिस्पेक्टिव्हली. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बायरचा मेल, सगळीकडे तो भेटतो.

अर्थ सोपा आहे, अनुक्रमे. ‘द हँड टॉवेल अँड द बाथ टॉवेल वे २२५ अँड ४९० ग्रॅम्स, रिस्पेक्टिव्हली.’ म्हणजे हँड टॉवेल २२५ ग्रॅम, बाथ टॉवेल ४९०. मराठीत आपण ‘अनुक्रमे’ आकड्यांच्या आधी घालतो. इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, स्वल्पविराम देऊन येतो. मराठी माध्यमातून आलेल्यांचा हात इथेच अडखळतो, पण चार मेल लिहिले की सवय होते.

खरं काम क्रम तपासण्याचं. वरचंच वाक्य घ्या. हँड टॉवेल ५० बाय १०० सेंटीमीटर, म्हणजे अर्धा चौरस मीटर. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, ४५० असेल तर टॉवेलचं वजन २२५ ग्रॅम. बाथ टॉवेल ७० बाय १४०, म्हणजे ०.९८ चौरस मीटर. ५०० जीएसएमला ४९० ग्रॅम. कॅल्क्युलेटरवर दोन गुणाकार केले की वाक्य खरं आहे की उलटं पडलंय ते कळतं. मेल पाठवण्याआधी हे करायचंच. आकड्यांची अदलाबदल झाली तरी इंग्रजी व्याकरण बिनचूकच राहतं, स्पेलचेक काही बोलत नाही.

एचएस कोडलाही, म्हणजे कस्टम्ससाठी मालाच्या प्रकाराला दिलेल्या नंबरालाही, तेच. मागावर विणलेल्या (निटेड नव्हे) कापडाचे सुती बाथरोब, पुरुषांचे आणि बायकांचे, अनुक्रमे ६२०७.९१ आणि ६२०८.९१ मध्ये येतात. एका आकड्याचा फरक, नजरेतून सहज निसटतो. माल एलसीवर, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर, जात असेल तर जास्तच जपायचं. बँका यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कागद तपासतात. इनव्हॉइसमधली आणि पॅकिंग लिस्टमधली माहिती शब्दाला शब्द जुळलीच पाहिजे असं नाही, पण एकमेकींच्या विरोधात गेली तर डिस्क्रिपन्सी, म्हणजे विसंगती, निघते आणि पेमेंट अडकतं.

कुठे वापरायचा नाही, तेही सांगते. तीन साइज आणि दोनच वजनं असतील तर हा शब्द चालणारच नाही, दोन्हीकडे संख्या सारखी हवी. दोन्ही टॉवेल ५०० जीएसएमचे असतील तर ‘बोथ’ पुरे. ‘देअर रिस्पेक्टिव्ह कार्टन्स’ म्हणजे ज्याच्या त्याच्या खोक्यात, तिथे क्रमाचा संबंध नाही. ‘रिस्पेक्टफुली’ म्हणजे आदरपूर्वक, तो तर वेगळाच शब्द. घाईत मेलमध्ये तोच टाइप होतो, म्हणून मुद्दाम बजावते.

आणि माझं स्पष्ट मत: दोन-दोन जोड्यांपर्यंत हा शब्द छान काम करतो. रंग चार, साइज चार, खोकी चार असली की वाचणाऱ्याला बोट ठेवून मोजत बसावं लागतं. तिथे सरळ टेबल करा. बायर फोनवर असेल तर दोनच गोष्टी असल्या तरी हा शब्द वापरू नका. ‘हँड टॉवेल, कार्टन १ ते ४०. बाथ टॉवेल, ४१ ते ९०.’ एवढं सांगा आणि लगेच तेच मेलवर पाठवा.