नावं जुळवताना शिकलेला लिंक्ड डेटा

डिजिटल रिपॉझिटरीत, म्हणजे पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहात, मेटाडेटाचं (पुस्तकांविषयीच्या नोंदींचं) काम हाती आलं. या नोंदी वेबवरच्या इतर नोंदींशी जोडायच्या, म्हणजेच लिंक्ड डेटा करायचा होता. तेव्हा मी आरडीएफ (माहिती छोट्या विधानांत मांडायची पद्धत), ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांच्या नात्यांची मांडणी), स्पार्कल (अशा डेटाला प्रश्न विचारायची भाषा) हे सगळं आधी वाचून काढायला बसले. नव्याने येणाऱ्यांना मी वेगळा क्रम सांगेन. आपल्या नोंदी उघडा आणि फक्त 'निर्माता' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा.

आमच्या रकान्यात लेव्ह टॉल्स्टॉय चार रूपांत सापडले. कुठे आडनाव आधी, कुठे स्पेलिंगच्या शेवटी वायऐवजी आय, कुठे नावालाच जन्मवर्ष चिकटलेलं. आपल्याला कळतं की माणूस एकच. संगणकासाठी ते चार लेखक. म्हणून नावाच्या अक्षरांऐवजी त्या व्यक्तीचा यूआरआय, म्हणजे तिची एकमेव ओळख सांगणारा वेबवरचा पत्ता, नोंदवायचा. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर टॉल्स्टॉय म्हणजे क्यू7243, मग लिपी कुठलीही असो. 'हे पुस्तक, निर्माता, ही व्यक्ती' असं तीन तुकड्यांचं विधान झालं की ट्रिपल तयार. हे हाताने दहा वेळा लिहून पाहिलंत, की आरडीएफची भीती जाते.

माझी मोठी चूक ओपनरिफाइनमध्ये झाली. आपल्या नोंदीतली नावं बाहेरच्या नोंदींशी जुळवून देणारं हे साधन. जुळणीचा गुणांक चांगला दिसला की मी सगळं एकगठ्ठा मान्य करत गेले. त्यात 'ए. टॉल्स्टॉय' होते. अलेक्सेई टॉल्स्टॉय नावाचे लेखक दोन, एक 1875 साली वारले, दुसरे 1883 साली जन्मले. विसाव्या शतकातली कादंबरी पहिल्यांच्या नावावर गेली. साधा मजकूर असता तर नोंद नुसती संदिग्ध राहिली असती. यूआरआय दिल्यावर ती ठामपणे चुकीची झाली, आणि आमचा डेटा उचलणाऱ्यांकडेही तशीच गेली. तेव्हापासून जन्म-मृत्यूची वर्षं ताडल्याशिवाय मी एकही जुळणी स्वीकारत नाही.

शब्दसंग्रह, म्हणजे रकान्यांच्या नावांचा ठरलेला संच, निवडताना एक बारकावा पाहा. डब्लिन कोअर या प्रचलित संचाच्या मूळ 15 घटकांतल्या 'निर्माता'खाली साधा मजकूर चालतो. त्याच्याच विस्तारित रूपातल्या, डीसी टर्म्समधल्या 'निर्माता'ला मात्र व्यक्ती किंवा संस्थाच अपेक्षित असते. तिथे नुसतं नाव टाकू नका.

यूआरआयसोबत त्याचं लेबलही, म्हणजे वाचता येईल असं नाव, आपल्याकडे साठवा. नाहीतर पान उघडताना दर वेळी बाहेरच्या सर्व्हरला विचारावं लागतं, आणि तो बंद असला की वाचकाला लेखकाच्या जागी नुसता पत्ता दिसतो. लेबलं अधूनमधून ताजी करायची. मूळ नोंदीतलं नाव मात्र वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं राहू द्या. आमचे ते दोन अलेक्सेई मी त्यावरूनच पुन्हा वेगळे करू शकले.