रिबन केबल चिरण्याआधीची तयारी

जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कची चपटी रिबन केबल बरोबर पंख्याच्या हवेत आडवी येते. ती उभी चिरून गोल बांधली की हवेची वाट मोकळी होते, पण कटर नंतर. आधी डेटाचा बॅकअप घ्या, तोही त्याच डिस्कवर नाही. मग पंखे आणि हीटसिंकमधली धूळ काढा, नाहीतर धूळ काढल्याने आलेल्या थंडाव्याचं श्रेय फुकट केबलला जाईल. त्यानंतर झाकण लावून मशीनला अर्धा तास जड काम द्या आणि प्रोसेसर, डिस्क आणि खोली अशी तिन्ही तापमानं लिहून ठेवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट नोंदींतला १९९ क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी चुकांचा (केबलमधून जाताना डेटा बिघडल्याचा) आकडाही टिपा.

आता केबलच्या तारा मोजा. कनेक्टर ४० पिनांचाच दिसतो, तारा मात्र ४० किंवा ८० असतात आणि सगळा निर्णय त्यावर आहे. ८० तारांच्या केबलमध्ये सिग्नलच्या तारांमध्ये एकाआड एक ग्राउंडची, म्हणजे सिग्नल न वाहणारी शून्य व्होल्टची तार असते. एका सिग्नलची लुडबुड दुसऱ्यात होऊ नये म्हणून ती असते, आणि अल्ट्रा डीएमए ६६ (डिस्कमधून डेटा नेण्याची एक वेगवान पद्धत) व त्यापुढच्या वेगांना ती लागतेच. तारा सुट्या करून गुंडाळल्या की ही रचनाच मोडते. माझं मत विचाराल तर ती केबल चिरूच नका, सैल घडी घालून कडेला बसवा. हवेला बहुतेक वेळा तेवढंही पुरतं. ४० तारांची चिरायला हरकत नाही. फ्लॉपीच्या केबलमधला पीळ मुद्दाम दिलेला असतो, तो सोडवू नका. साटा केबल, म्हणजे त्यानंतरच्या डिस्कची केबल, मुळात अरुंद, ती नुसती बांधा.

नव्या पात्याचा कटर, जाड पुठ्ठा, झिप टाय आणि मल्टीमीटर जवळ ठेवा. चिकटपट्टी नको, उष्णतेने तिचा गोंद ओघळतो. एक जादा केबल आणा, १८ इंचांपेक्षा लांब नको, आणि चिरायची ती हीच. दोन्ही टोकांना कनेक्टरपाशी बोटभर भाग अखंड राहू द्या, पातं दोन तारांमधल्या खाचेतूनच चालवा. तांबं उघडं पडलं तर केबल टाकून द्या. नाहीतर प्रत्येक तार सलग आहे ना, ते मल्टीमीटरने तपासा.

मशीन उघडताना प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. लाल कडेची बाजू, म्हणजे पिन १, कुठे होती त्याचा फोटो घ्या. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही.

सगळं जोडल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान उतरलं तरी १९९ चा आकडा वाढत असेल, तर जुनी केबल परत लावा.