माशांवरचे पांढरे ठिपके: उपचारात या चुका टाळा

पुण्या-नाशिकात रात्रीचा गारवा वाढू लागला की अनेक घरांतल्या टाक्यांमध्ये मासे अंग घासताना दिसतात. दगडाला, हीटरला, फिल्टरच्या नळीला घासतात, पर आखडून कोपऱ्यात थांबतात. मग एक-दोन दिवसांत अंगावर आणि परांवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटतात. हा व्हाइट स्पॉट, दुकानदारांच्या भाषेत ‘इक’. इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. लवकर लक्षात आला तर बरा होणारा रोग आहे. तरीही त्यात अख्खी टाकी रिकामी होते, कारण औषध नेमकं कशावर चालतं हे ठाऊक नसतं.

ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध बंद करणं

सगळ्यात जास्त मासे या चुकीपायी जातात असं माझं ठाम मत आहे.

आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून बसलेला परजीवी. तिथे तो सुरक्षित असतो, पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी जातो, खड्यांना नाहीतर झाडांना चिकटतो आणि स्वतःभोवती कवच तयार करतो. या कवचातही औषधाचा फारसा उपयोग होत नाही. आत त्याचं विभाजन होत राहतं आणि एकाच कवचातून शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना.

म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग गेला असं नाही, तो माशावरून उतरून तळाशी गेलेला असू शकतो. २५-२६ अंशांच्या पाण्यात हे चक्र साधारण आठवड्याच्या आत पुरं होतं. पाणी गार असेल तर ते लांबतं, १० अंशांच्या आसपास महिन्यावरही जातं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यानंतर निदान आठवडाभर उपचार चालू ठेवा, पाणी गार असेल तर आणखी जास्त. या काळात रोज सायफनने तळाचे खडे साफ करा, बरीच कवचं त्या पाण्याबरोबर बाहेर जातात.

आजारी मासा तेवढा बादलीत काढणं

एकाच मॉलीवर ठिपके आहेत म्हणून तिला वेगळं काढतात आणि बाकीच्या टाकीला हातही लावत नाहीत. पण ठिपके दिसले याचा अर्थ परजीवी टाकीत पसरलेला आहे. इतर माशांच्या कल्ल्यांत तो असू शकतो आणि तिथे तो डोळ्यांना दिसत नाही. अंग स्वच्छ असलेला मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल तर तेच कारण असू शकतं. उपचार अख्ख्या टाकीला द्यायचा.

अंदाजाने औषध ओतणं

‘चार थेंब टाका’ हा सल्ला टाकी केवढी आहे हे न विचारता दिला जातो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. ६० × ३० × ३० ची दोन फुटी टाकी ५४ लिटरची भरते, पण खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. औषध या पाण्याच्या हिशेबाने टाकायचं.

लेबल नसलेल्या बाटलीतलं सुटं औषध घेऊच नका. मॅलेकाइट ग्रीन या हिरव्या औषधाचा डोस जास्त झाला तर मासे मरतात, आणि ते हाताळताना हातमोजे घालायलाच हवेत. लोच जातीच्या माशांना आणि खवले नसलेल्या कॅटफिशना ते जास्त बाधतं, त्यांच्यासाठी लेबलवर वेगळं प्रमाण दिलंय का ते बघा. टाकीत गोगलगायी किंवा कोळंबी असतील तर तांबं असलेलं औषध नको. फिल्टर चालूच राहू द्या, पण त्यातला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं. मग अमोनिया वाढतो आणि ठिपक्यांतून वाचलेले मासे त्याने जातात.

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणून टाकणारेही बरेच आहेत. हा परजीवी म्हणजे जिवाणू नाही, त्यामुळे प्रतिजैविकाने त्याला काही होत नाही.

मिठाचा हिशेब चुकणं

गोल्डफिश, मॉली, गप्पी यांच्यासाठी मीठ हा माझ्या मते पहिला पर्याय. लिटरला २ ग्रॅम धरले तर वर सांगितलेल्या टाकीतल्या ४५ लिटर पाण्याला ९० ग्रॅम लागतं. साधं खडे मीठ टाकीच्याच पाण्यात विरघळवून दीड-दोन दिवसांत तीन वेळा विभागून घाला. मीठ पाण्यासारखं उडून जात नाही, हे मात्र विसरलं जातं. बाष्पीभवनाने पातळी उतरली तर बिनमिठाचंच पाणी भरा. पाणी बदललं तर बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला. काही पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही.

हीटर एकदम चढवणं

तापमान वाढवलं की परजीवीचं चक्र वेगाने फिरतं आणि तो औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. ३० अंशांच्या आसपास त्याची वाढ बहुधा खुंटते. पण एका दुपारीत २२ वरून ३० वर नेलंत तर मासेच खचतील. दिवसाला दोन अंश पुरे. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमध्ये जेमतेम ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. तेव्हा एअर पंप दिवसरात्र चालू हवा. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा, त्याच्यासाठी हा उपाय वापरू नका.

नसलेल्या रोगावर उपचार

नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर विणीच्या काळात ओळीने पांढरे कण येतात. तो रोग नव्हे. मासा खात असेल, अंग घासत नसेल आणि ठिपके तेवढ्याच जागी असतील तर औषधाची बाटली उघडू नका. अंगावर सोनेरी भुकटी पसरल्यासारखं दिसत असेल तर तो व्हेल्व्हेट, वेगळा परजीवी.

रोग टाकीत येतो तो बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर. कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला मासा तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा. त्याची जाळी आणि सायफनची नळीही वेगळीच असू द्या, ओल्या जाळीतूनही परजीवी पसरतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. मासा जाळीने उचलून सोडा आणि ते पाणी फेकून द्या.