ओढा दुरुस्त केला, मग मासे का येत नाहीत? या चुका टाळा

अमेरिकेत २००६ साली माशांच्या अधिवासासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आला. राज्यांची खाती, आदिवासी जमातींची शासनं, जमीनमालक आणि गळ टाकणाऱ्यांच्या संघटना प्रादेशिक भागीदाऱ्यांमधून एकत्र आल्या. २०२० मध्ये या व्यवस्थेला कायद्याचा आधारही मिळाला. तरीही अनेक ठिकाणी काम पूर्ण होतं, फलक लागतो आणि मासे मात्र दिसत नाहीत. बहुतेक वेळा दोष जागेच्या निवडीत असतो. जिथे जमीनमालक राजी आणि निधी हाताशी, तिथेच काम सुरू होतं. ओढ्याला काय हवंय, हे कोणी विचारतच नाही.

खालचा अडथळा तसाच ठेवून वर काम करणं

समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांसाठी हे सरळ नुकसान आहे. खाली धरण बंद असेल तर वरचा सुंदर डोह रिकामाच राहणार. मेन राज्यातल्या पेनॉबस्कॉट नदीवर हा क्रम नीट पाळला गेला. पेनॉबस्कॉट जमात, पर्यावरण संस्था, सरकारी खाती आणि वीज कंपनी यांनी २००४ मध्ये करार केला. ग्रेट वर्क्स धरण २०१२ मध्ये निघालं, व्हीझी २०१३ मध्ये, आणि हाऊलंड धरणाला बगल देणारा प्रवाह तयार केला. वीज कंपनीला इतर धरणांवर उत्पादन वाढवायची मुभा मिळाली. विजेचा प्रश्न बाजूला ढकलला असता तर हा करार झालाच नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोरी फक्त वरून बघणं

रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणारी मोरी रस्त्यावर उभं राहून ठीकच दिसते, म्हणून खाली उतरा. पाइप ओढ्याच्या पात्रापेक्षा अरुंद असेल तर पाणी त्यातून जोरात सुटतं. खालच्या तोंडाशी तळ खरवडला जातो, तिथे मोठा डोह पडतो आणि पाइपचं तोंड हवेत लटकतं. लहान ट्राउट मासा एवढी उडी मारू शकत नाही. उन्हाळ्यात पुन्हा या. पाइपच्या तळावर पाण्याचा पातळ थर तेवढा उरला असेल तर उडी न मारताही वाट बंदच आहे.

तोंडाशी दगड रचून भागवू नका, पुढच्या पुरात ते जातात. काठोकाठ भरलेल्या पात्राहून रुंद, तळाला ओढ्याचीच वाळू-गोटे असलेली मोरी बांधा. खर्च जास्त आहे, म्हणूनच रस्ते विभागाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. २०११ च्या आयरीन वादळात व्हरमाँटमधल्या ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनातल्या अशा मोऱ्या टिकल्या. रस्ते अभियंत्याला हे उदाहरण माशांच्या कोणत्याही आकडेवारीपेक्षा लवकर पटतं.

ओढा ‘स्वच्छ’ करणं

पडलेले ओंडके काढून टाकायची चूक अमेरिकेच्या वायव्य भागात सरकारी खात्यांनीच अनेक वर्षं केली, कारण ते माशांची वाट अडवतात असा समज होता. प्रत्यक्षात ओंडक्यांमुळे डोह तयार होतात, अंडी घालायला लागणारे बारीक गोटे अडतात, पिल्लांना आसरा मिळतो. आता तिथे पैसे मोजून ओंडके परत टाकले जातात.

लक्षणावर इलाज

नवे गोटे टाकले, तरी वर्षभरात गाळाने भरले? मग वरच्या बाजूचा ढासळता काठ किंवा कच्चा रस्ता शोधा. गोट्यांमधल्या फटी बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. पाण्याचं तापमानही बघा. ब्रूक ट्राउटला साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर त्रास होऊ लागतो. काठावर सावली नसेल तर पात्रातली कारागिरी वाया जाते. हा मासा शरद ऋतूत अंडी घालतो, तेव्हा यंत्रं पात्रात उतरवू नका.

प्रत्येक अडथळा काढायचाच, हा हट्ट

उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये सी लॅम्प्रे हा रक्तशोषक परका जीव काही बांधांमुळेच वरच्या प्रवाहांत जाऊ शकत नाही. आधी खाली कोण थांबलंय ते बघा, मग बांध फोडा.

मोजणी विसरणं

निधी बांधकामाबरोबर संपतो, ही सगळ्यांत दुखरी बाब. कामाआधीची माशांची गणना आणि उन्हाळ्यातली तापमानाची नोंद नसेल, तर फरक पडला की नाही हे कधीच कळणार नाही. करारातच लिहून घ्या: नोंदी कोण घेणार, किती वर्षं, आणि पुरानंतर मोरीत अडकलेला कचरा कोणत्या खात्याने काढायचा.