ई-सिगारेटचा टँक गळत असेल तर दोष कसा शोधावा आणि कसा दूर करावा

ई-सिगारेटचे लिक्विड ज्यात भरतात तो टँक गळू लागला की बहुतेक जण सर्वांत आधी तो आणखी घट्ट आवळून पाहतात. त्याने क्वचितच काही साधते. उलट आटे झिजतात, रबराच्या कड्या चिमटतात आणि किरकोळ दोषात नव्या दोषाची भर पडते. टँक लिक्विड मुळात कसे धरून ठेवतो हे आधी समजून घेतले, तर दोष शोधणे बरेच सोपे जाते.

टँक म्हणजे झाकण लावलेली बाटली नव्हे. आतल्या कॉइलला, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ करणाऱ्या, कापूस घातलेल्या भागाला, लिक्विड शोषून घेण्यासाठी बाजूने भोके असतात आणि तिचा मध्य हवेसाठी मोकळा असतो. याचा अर्थ असा की लिक्विड आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये भिजलेल्या कापसाच्या थराखेरीज काहीही नसते. तरीही लिक्विड वाहून जात नाही, कारण त्याच्या वर कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो आणि या फरकामुळे ते जागच्या जागी राहते. पाणी भरलेल्या स्ट्रॉचे वरचे टोक बोटाने दाबून धरले की पाणी खाली पडत नाही, आणि बोट जरा सैल केले की ते सुटते, तसाच हा प्रकार आहे. टँकमध्ये त्या बोटाचे काम वरचे झाकण, काच आणि त्यांच्यामधल्या ओ-रिंग, म्हणजे त्या रबराच्या कड्या, करतात. म्हणूनच लिक्विड तळातून ठिबकत असले तरी दोष पुष्कळदा वरच्या भागात सापडतो. लिक्विड कोठून बाहेर पडते याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हवा कोठून आत शिरते याकडे लक्ष द्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी

निकोटिन त्वचेतूनही शरीरात शोषले जाते, त्यामुळे गळका टँक उघड्या हातांनी हाताळू नये. पातळ रबरी हातमोजे घालावेत, आणि लिक्विड त्वचेला लागलेच तर तो भाग लगेच साबण व भरपूर पाण्याने धुवावा. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम निकोटिन असलेले लिक्विड २ मिलिलिटरच्या टँकमध्ये भरले, तर त्यात एकूण ४० मिलिग्रॅम निकोटिन होते, आणि एवढे प्रमाण लहान मुलासाठी किंवा पाळीव प्राण्यासाठी अत्यंत धोकादायक आहे. सांडलेले लिक्विड पुसलेले कागदही त्यामुळे मुलांच्या हाती लागतील असे टाकू नयेत. कोणाच्या पोटात लिक्विड गेल्याची शंका आली, तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

यानंतर टँक उपकरणापासून वेगळा करावा. बॅटरी काढता येण्याजोगी असेल तर तीही काढावी आणि तिच्या कप्प्यात ओल उतरली आहे का ते पाहावे. ओल दिसल्यास उपकरण पूर्ण कोरडे होईपर्यंत चार्जिंगला लावू नये, कारण संपर्कबिंदूंवर साचलेल्या लिक्विडमुळे बिघाड होतो आणि शॉर्ट सर्किटचाही धोका राहतो.

गळती खरी आहे का, आणि कोठे आहे

प्रत्येक थेंब म्हणजे गळती नसते. वाफ थंड होऊन ड्रिप टिपमध्ये, म्हणजे तोंडात धरायच्या टोकात, आणि हवेच्या खाचांभोवती बारीक दव साचते. ते पुसून टाकले की काम संपते. दव फक्त वापर चालू असताना साचते आणि खरी गळती टँक नुसता ठेवलेला असतानाही चालू राहते, हा दोन्हींतला ढोबळ फरक आहे.

तो पडताळण्यासाठी टँक बाहेरून पूर्ण पुसून घ्यावा, अर्ध्याहून थोडा अधिक भरावा आणि पांढऱ्या टिश्यू पेपरवर काही तास सरळ उभा ठेवावा. नंतर कागदावर उमटलेला डाग नीट पाहावा. डाग मधोमध, म्हणजे संपर्काच्या पिनेखाली किंवा हवेच्या खाचांच्या रेषेत असेल, तर लिक्विड कॉइलच्या मध्यातून उतरते आहे. डाग तळाच्या कडेने गोल उमटला असेल, तर तळाची ओ-रिंग किंवा काच संशयास्पद आहे. कागद कोरडाच राहिला, तर तुम्ही गळती समजत होता ती बहुधा साचलेली वाफ होती.

ओ-रिंग, काच आणि कॉइल

टँक उलटा धरून तळ उघडावा, म्हणजे उरलेले लिक्विड अंगावर येत नाही. सर्व भाग सुटे करून कोमट पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. कॉइल मात्र धुऊ नये. मग एकेक ओ-रिंग दिव्यासमोर धरून बोटांमध्ये हलकेच ताणून पाहावी. चांगली ओ-रिंग गोल आणि लवचीक असते. जुनी ओ-रिंग सतत दाबली गेल्याने एका बाजूने चपटी होते, आणि ताणली की तिच्यावर नखाने ओढावी तशी बारीक चीर उघडते, जी सैल असताना अजिबात दिसत नाही. अशी रिंग बदलण्याखेरीज इलाज नाही. नवी बसवताना ती कोरडी ढकलू नये. लिक्विडचा किंवा व्हेजिटेबल ग्लिसरिनचा एक थेंब लावावा, म्हणजे ती न पिळवटता बसते. खाण्याचे तेल किंवा व्हॅसलिन येथे कधीही वापरू नये, कारण तेलाचे कण श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर विकार होऊ शकतो.

काचेच्या दोन्ही कडांवरून सांभाळून कापूस फिरवावा. जेथे त्याचा धागा अडकतो तेथे टवका उडालेला असतो. टँक प्लॅस्टिकचा असेल तर त्यावर जाळीसारख्या बारीक रेषा उमटल्या आहेत का ते पाहावे. दालचिनी आणि लिंबूवर्गीय स्वादांतील काही घटक विशिष्ट प्लॅस्टिकला तडे पाडतात, तेव्हा असे स्वाद काचेच्या टँकमध्येच भरलेले बरे.

आता कॉइल. कॉइल बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल, तर जुन्या कॉइलची बारीक ओ-रिंग तळातच चिकटून राहिली आहे का हे सर्वप्रथम पाहावे. ती रंगाने काळी किंवा धुरकट असल्याने तळाच्या सावलीत मिसळून जाते. तिच्यावर नवी कॉइल बसवली की ती किंचित वर राहते आणि टँक बाहेरून पूर्ण बंद दिसत असूनही आतून उघडाच राहतो. आटे बसवताना कॉइल आधी उलट दिशेने अलगद फिरवावी, बारीक टक् जाणवल्यावर सुलट फिरवावी आणि बोटांच्या जोराने जेवढी बसेल तेवढीच आवळावी. आटे तिरपे चढले असतील तर सुरुवातीलाच अडल्यासारखे वाटते. तेथे जोर लावू नये, काढून पुन्हा बसवावी. कापूस जळून काळवंडलेली कॉइल लिक्विड धरू शकत नाही, त्यामुळे ती धुऊन वापरण्यात काही अर्थ नाही. ज्या टँकमध्ये कापूस स्वतः घालावा लागतो, तेथे तो कमी पडला की गळती होते आणि जास्त झाला की कोरडा, जळका झुरका येतो. त्याचा अंदाज सरावानेच येतो.

सर्व भाग ठीक असूनही टँक गळत असेल तर

ओढताना गुडगुड आवाज येत असेल आणि तोंडात थेंब येत असतील, तर कॉइल तुंबली आहे. टँक काढून तळाभोवती टिश्यू गुंडाळावा आणि ड्रिप टिपमधून हलकेच फुंकावे, म्हणजे साचलेले लिक्विड हवेच्या खाचांतून कागदावर येते. कॉइल पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर वॉट तपासावेत. कॉइलवर शिफारशीची मर्यादा छापलेली असते, आणि तिच्या बरेच खाली चालवल्यास कापसात आलेले लिक्विड पुरेसे वाफ होत नाही व खाली उतरते. फार जोराने ओढण्याची सवयही हेच करते.

लिक्विडचा दाटपणा हे दुसरे कारण, आणि ते सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते असे मला वाटते. लिक्विडमधले व्हेजिटेबल ग्लिसरिन दाट असते, प्रोपिलीन ग्लायकॉल पातळ. एक ओहमपेक्षा कमी रोधाच्या कॉइलची भोके सहसा मोठी असतात, म्हणून त्यांना ७० टक्के किंवा अधिक ग्लिसरिनचे लिक्विड मानवते. निम्मे-निम्मे मिश्रण त्यांतून सहज वाहून जाते. याउलट जास्त रोधाच्या, लहान भोकांच्या कॉइलसाठी ते पातळ मिश्रणच योग्य ठरते. तापमानाचाही येथे मोठा वाटा असतो. शुद्ध ग्लिसरिनचा दाटपणा २० अंश सेल्सिअसवर जेवढा असतो, त्याच्या निम्म्याहून कमी ३० अंशांवर उरतो. थंडीत न गळणारा टँक उन्हाळ्यात किंवा बंद मोटारीत गळू लागला, तर लगेच ओ-रिंग बदलायला बसू नये. आधी तो थंड जागी सरळ उभा ठेवून पाहावा.

भरण्याच्या पद्धतीने पुष्कळ टँक वाचतात. वरून भरायचा टँक असेल तर आधी हवेच्या खाचा बंद कराव्यात, लिक्विड मधल्या नळीत न जाऊ देता काचेच्या कडेने सोडावे आणि वर हवेसाठी थोडी जागा ठेवावी. झाकण फिरवताना आतली हवा दाबली जाते आणि ती लिक्विडला कॉइलकडे ढकलते. म्हणून झाकण लावताच टँक उलटा करावा आणि त्याच स्थितीत खाचा उघडाव्यात. तेव्हा कॉइलपाशी लिक्विडऐवजी हवा असते, ती निघून जाते आणि दाब समान होतो. मग टँक सरळ करावा.

विमान वर जाताना केबिनमधला दाब कमी होतो, टँकमधली हवा प्रसरण पावते आणि लिक्विड कॉइलमधून बाहेर लोटते. यात टँकचा काहीच दोष नसतो. प्रवासापूर्वी टँक रिकामा करावा. त्यातले लिक्विड मूळ बाटलीत परत ओतू नये, आणि मोरीतही सोडू नये. कागदात किंवा कापसात शोषून, पिशवीत घट्ट बांधून त्याची विल्हेवाट लावावी.

नव्या ओ-रिंग, नवी कॉइल आणि योग्य लिक्विड यांनंतरही टिश्यूवर डाग उमटतच राहिला, तर तळाचे आटे झिजले आहेत किंवा पिनेभोवतीचा रबरी तुकडा गेला आहे. तो तुकडा मिळाल्यास बदलावा. आटे गेले असतील तर तो टँक दुरुस्त होण्यापलीकडे गेला आहे असे समजून बाजूला काढावा, आणि जुळेल असा नवा बसवण्याआधी उपकरणावरील संपर्कबिंदू कोरड्या कापसाच्या काडीने पुसून घ्यावा.