गाळा घेण्याआधी दोन दिवस नुसतं मोजत बसा

दुकान टाकलं की चार महिन्यांत भांडवल उधारीत अडकतं. माझ्या मेव्हण्याचं औशाला तेच झालं. वहीची पानं भरली, गल्ल्यात मात्र चिल्लर.

१. गाळ्यासमोर एक बाजारचा आणि एक साधा दिवस बसा. चहा घेत घेत, किती माणसं थांबतात त्याच्या रेघा वहीत मारा. भाडं ठरवताना साधा दिवसच धरा. बाजाराच्या गर्दीला भुललात तर बाकीचे सहा दिवस भाडं खिशातून जातं.

२. बारा महिने एका कागदावर मांडा. आपल्याकडं दसरा-दिवाळीला सोयाबीन निघालं की हातात पैसा खेळतो. जूनमध्ये तोच बी-खतात जातो, तेव्हा विक्री निम्मीच धरा.

३. भाडं, लाईटबिल, हप्ता असे तीन महिन्यांचे पैसे वेगळे ठेवा.

आणि उधारी! "सोयाबीन निघाल्यावर देतो" म्हणणारा घरचाच असतो, नाही म्हणवत नाही. म्हणून एकूण उधारी किती पेलेल तो आकडा आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

एक सांभाळा: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. फी मागणाऱ्या हुबेहूब साइटवर आधार नंबर टाकू नका.