पंचगंगेवर गळ टाकायला निघताय? आदल्या संध्याकाळपासनं करायची तयारी

तयारी पाण्यापासनं सुरू करा, रॉड आणि रीळ मागनं बघू. फेब्रुवारी ते मे या दिवसांत तर आदल्या दिवशी संध्याकाळी एक चक्कर नदीवर मारायचीच, गाडी लावायची, खाली उतरायचं आणि नुसतं पाणी बघायचं. आपल्याकडं पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी अडतं, आणि एकदा का नदी ठिकठिकाणी तळ्यासारखी उभी राहिली की वरनं ऊन, खालनं सांडपाण्यातलं आणि उसाच्या रानातनं वाहून आलेलं नत्र आणि स्फुरद, मग शेवाळाला अजून काय पाहिजे. राधानगरी धरणातनं पाणी सोडलं की चार दिवस नदी हलते, रंग बदलतो, आणि परत थांबते. म्हणून पाणी कधी सुटलंय, बरगे आहेत का काढलेत, हे विचारून ठेवणं हा यादीतला पहिला मुद्दा धरा. घाटावर रोज येणाऱ्या कुणालाही विचारा, सांगतात लोक.

बघायचं काय तर रंग. गढूळ तपकिरी पाणी वेगळं, ते पावसाचं किंवा सोडलेल्या पाण्याचं असतं. जलपर्णी वेगळी, तिला आपण केंदाळ म्हणतो, ती दिसायला वाईट आणि गळ अडकवणारी, पण तिची ओळख पटायला अडचण नाही. दगडाला धरून केसासारखं लोंबणारं शेवाळ असतं तेही वेगळं. ज्याची भीती धरायची ते निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे खरं तर सूक्ष्म जिवाणू, सायनोबॅक्टेरिया, ते पाण्यावर तेलरंगाचा डबा सांडल्यासारखं दिसतं, कधी पोपटी, कधी निळसर झाक असलेलं, आणि वारा ज्या काठाला लागतो तिकडं गोळा होऊन साय धरतं. रंकाळा तलावावर फिरणाऱ्यांना हे नवीन नाही, तिथं पाणी हिरवंगार झालेलं कोल्हापूरकरांनी किती वेळा बघितलंय. नदीतही अडवलेल्या पाण्यात तेच होतं.

नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नसेल तर दोन साध्या गोष्टी करा. एक लांब काठी घ्या आणि साय धरलेल्या ठिकाणी घालून उचला. धाग्याधाग्यानं लोंबत आलं तर साधं शेवाळ. काठीला पोपटी रंगात बुडवल्यासारखा लेप आला आणि हातात धरण्यासारखं काहीच निघालं नाही तर सावध व्हा. दुसरं म्हणजे बाटली. हातात रबरी मोजे घालून पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली पाऊण भरायची, सायीवरनं नाही, सायीच्या जरा खालनं, झाकण सैल ठेवायचं, बाहेरनं पुसायची आणि घरी आणून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी न हलवता रात्रभर ठेवायची. मी ती परसात पायरीवर ठेवतो. सकाळी चहाच्या आधी बघायचं. हिरवं तळाला बसलंय आणि वरचं पाणी निवळ दिसतंय तर बरं. पण वरच्या बाजूला गळ्याशी हिरवं कडं जमलंय आणि खाली पाणी मोकळं, तर त्या दिवशी गळ घरात ठेवायचा, कारण या सूक्ष्म जिवाणूंच्या अंगात हवेच्या बारीक पिशव्या असतात आणि ते वर तरंगत येतात. ही काय प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, विष किती आहे ते बाटली सांगत नाही, पण जाऊ का नको एवढं ठरवायला पुरते.

हे सगळं मी मागच्या काही वर्षांत करायला लागलो, त्याआधी नाही. एका मार्चमध्ये भाच्याला घेऊन गेलो होतो, पाचवीतलं पोरगं, पाणी हिरवं दिसत होतं पण मला वाटलं उन्हाळ्यात असतंच. गळ अडकला म्हणून तो गुडघाभर पाण्यात उतरला. संध्याकाळी दोन्ही पाय पोटरीपर्यंत लाल, खाजवून खाजवून रडायला लागला. दवाखान्यात नेलं, मलम दिलं, तीन दिवसांत बरं झालं, पण ताईला मी तोंड दाखवू शकत नव्हतो. घाटावर एक आण्णा बसतात, आयुष्य नदीवर गेलेलं माणूस, त्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "पाणी फिरलंय ते, दिसत नव्हतं व्हय तुला?" दिसत होतं. बघितलं नव्हतं.

सकाळी पोचल्यावर परत एकदा बघायचं. उजाडताना मासे काठाला येऊन तोंड वर काढून हवा घेत असतील तर लय जण खूश होतात, म्हणतात आज मासा वर आलाय. भावांनो, तो श्वासासाठी तडफडतोय. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं पण रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, आणि वर ढगाळ हवा राहिली किंवा शेवाळ एकदम मरून कुजायला लागलं की थवेच्या थवे मरतात. अशा वेळी गळ टाकायचा नाही. हाताला येतोय म्हणून गोळा करायचा नाही. आणि मेलेला मासा तर कितीही ताजा दिसू दे, पिशवीत घालायचा नाही, विकणाऱ्याकडनंही घ्यायचा नाही.

अजून एक गैरसमज डोक्यातनं काढून निघा, की मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे. आपल्या नदीत आता गळाला सगळ्यात जास्त लागते ती चिलापी (तिलापिया), आणि चिलापी कमी प्राणवायूत, घाण पाण्यात तग धरून राहते. मरळ आणि मांगूर तर वर येऊन हवेतनं श्वास घेतात. हे मासे जिवंत आहेत यावरनं पाण्याबद्दल काहीच कळत नाही, उलट चिलापी शेवाळच खाते. कटला, रोहू लागतायत, बारीक मासळी काठाला खेळतीय, खंड्या सूर मारतोय, असं दिसलं तर जरा मन निवांत होतं.

जागा निवडताना शहराच्या वरची बाजू धरा. प्रयाग चिखलीच्या अंगाला भोगावती आणि कासारी एकत्र येतात, तिथनं पंचगंगा सुरू होते आणि सुमारे ८० किलोमीटरवर नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. मधे शहर येतं, जयंती नाला येतो. कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, तरी नाल्याच्या तोंडाशी आणि त्याच्या खाली बंधाऱ्याच्या अडलेल्या पाण्यात मी गळ टाकत नाही, मग तिथं मासा कितीही लागू दे. वाहत्या पाण्याची जागा, वारा पाठीवर येईल असा काठ, म्हणजे साय आपल्याकडं न येता समोर जाते. तळ्यावर जायचं असेल तर ठेका मच्छीमार सोसायटीकडं असतो, आधी विचारायचं, परवानगी घ्यायची, नाहीतर उगाच वाद. पावसाळ्यात हे काहीच नको, राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, त्याच्या लय आधीच काठ सोडलेला असला पाहिजे, २०१९ आणि २०२१ बघितलेल्याला हे सांगायला नको. आणि पहिल्या पावसात चढणीचा मासा वर निघतो, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असते, तो सोडा. एक मादी सोडली म्हणजे किती पिल्लं सोडली ते मनात धरा.

सामान थोडंच. एक रॉड पुरतो, नसला तर कळकाची काठी. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, दोन-तीन मापाचे गळ, शिसं, तरंगायला बूच किंवा मोराच्या पिसाची काडी, पक्कड, कात्री. गळाची मागची अणी पक्कडीनं दाबून सपाट करून ठेवा, मासा सोडायचा झाला तर तोंड फाटत नाही, आणि चुकून आपल्या बोटात घुसला तरी निघतो. चारा घरचाच, कणकेत थोडी शेंगपेंड कालवून घट्ट गोळा, चिलापीला तेवढा पुरतो, मरळीला गांडूळ. कणीक नदीच्या पाण्यात मळायची नाही, घरनं मळून न्यायची, कारण त्याच हातानं आपण नंतर भाकरी खातो.

त्यावरनं आठवलं, पाण्याचा कॅन. पाच लिटरचा भरून न्या आणि त्यातलं निम्मं हात धुवायला ठेवा, साबणासकट. हाताला जखम असेल तर पट्टी आणि वर मोजा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून ठेवा, गंजका गळ लागल्यावर विचारत बसू नका. पायात पट्ट्याची सँडल किंवा बूट, घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर चप्पल म्हणजे पाय घसरलाच. कुत्रं बरोबर नेत असाल तर हिरवं पाणी दिसल्या दिवशी नेऊ नका, ते पाणी पितं आणि नंतर अंग चाटतं, आणि या शेवाळाच्या विषानं कुत्री तासाभरातही दगावतात. पोरांना गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरू द्यायचं नाही. एकट्यानं जायचं नाही, घरी जागा सांगून जायचं.

आता खायचं. इथं मी कडक आहे आणि राहणार. पाण्यावर साय दिसलेली असेल तर मासा सोडायचा, बास. शेवाळातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष यकृतावर जातं, माशाच्याही यकृतात आणि आतड्यात साठतं, आणि उकळून, तळून जात नाही, आपण कितीही झणझणीत रस्सा करू दे. पाणी स्वच्छ वाटलं तरी घरी आणल्यावर आतडी, काळीज, गाभोळी सगळं काढून टाकायचं, मासा सोलून फक्त मांस घ्यायचं, नळाच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं. डोक्याचं कालवण मला जीव की प्राण, पण नदीच्या माशाचं मी करत नाही, त्यासाठी बाजारातनं मासा आणतो. गरोदर बाईला आणि बारक्या पोरांना नदीचा मासा नको. मातकट वास आला तर टाकून द्या, आणि वास नाही म्हणजे चांगला असंही धरू नका.

परत निघताना तुटलेलं तंगूस गोळा करून खिशात घालायचं, एक इंचसुद्धा काठावर ठेवायचं नाही. पाणकावळ्याच्या पायात गुंडाळलेलं मी स्वतः सोडवलंय, पाय काळा पडला होता. मासे मेलेले दिसले तर जागा, वेळ, पाण्याचा रंग आणि फेस दिसेल असे चार-पाच फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूरच्या ऑफिसला लगेच कळवायचं, कारण मळीचं किंवा कसलं पाणी सोडलं असलं तर ते दुपारपर्यंत पुढं वाहून जातं आणि मग नमुन्यात काही सापडत नाही. घरी आल्यावर रॉड, रीळ, सँडल नळाखाली धुवून उन्हात पूर्ण वाळवायचं, ओलं सामान दुसऱ्या तळ्यावर नेलं की इथलं शेवाळ तिकडं जातं. आणि परसातली बाटली रिकामी करायची तर संडासात, झाडाला किंवा गटारीत नाही.